सरासरीएवढा पाऊस आणि गेलेली पऱ्हाटी

क्लायमेट चेंजचा विषय निघाला की माझ्या ओळखीतली माणसं लगेच दोन पार्ट्यांत वाटली जातात. पहिली पार्टी म्हणते, "काही नाही रे, ऊन-पाऊस काय आजचे आहेत का? दुष्काळ पेशव्यांच्या काळातही पडायचे." दुसऱ्या पार्टीकडे प्रत्येक गोष्टीचं एकच उत्तर तयार असतं. पूर आला? क्लायमेट चेंज. कांदा महागला? क्लायमेट चेंज. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं? तेही क्लायमेट चेंज! वरवर बघता या दोन पार्ट्या एकमेकींच्या विरोधात वाटतात, पण माझं मत विचाराल तर त्या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींनाही विषयाच्या बेसिकमध्ये शिरायचा कंटाळा आहे. आणि गंमत म्हणजे हे बेसिक समजायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. बारावीचं फिजिक्स आणि रविवारची एक दुपार पुरते.

मी स्वतः काही शास्त्रज्ञ नाही. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन हिंजवडीत कोड लिहिणाऱ्या हजारोंपैकी एक. पण गाव अल्लीपूर. जिल्हा वर्धा, तालुका हिंगणघाट. काळी जमीन, बरीचशी शेती कोरडवाहू, आणि शेतात पऱ्हाटी (म्हणजे कपाशी), सोयाबीन आणि तूर. घरची शेती मोठे बाबा बघतात. जून लागला की त्यांचा फोन ठरलेला: "काऊन बापू, तुह्या कम्प्युटरात पाणी कवा येईन हे दिसते काय?" आमच्याकडे पाणी म्हणजे पाऊस. माझ्या टीममधल्या लोकांसाठी पाऊस म्हणजे ट्रॅफिक आणि वर्क फ्रॉम होम. मोठ्या बाबांसाठी पाऊस म्हणजे बियाण्याची थैली आज फोडायची की आठ दिवस कळ काढायची हा निर्णय. अंदाज चुकला की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी ध्रुवावरच्या अस्वलांचा नाही, घरच्या हिशेबाचा आहे. तर मंडळी, माझ्या मते चार गोष्टी कळल्या की पुष्कळ झालं.

पहिली गोष्ट, शब्दाचाच घोळ. मराठीत आपण 'हवामान' हा एकच शब्द दोन कामांना जुंपलाय. उद्या पाऊस पडेल का हे सांगतं ते हवामान खातं, आणि तीस-चाळीस वर्षांत हळूहळू होतो तोही हवामान बदल. त्यात जरा आभाळ आलं, नाक गळायला लागलं की 'वातावरण बदललंय ना' म्हणायची आपली जुनी सवय. त्यामुळे 'हवामान बदल' हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर येतं ते आजचं आभाळ. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर आजचा पाऊस ही एक इनिंग आणि क्लायमेट म्हणजे करिअरचा रेकॉर्ड. सचिन शून्यावर आउट झाला म्हणून तो वाईट बॅट्समन ठरत नाही, आणि अकराव्या नंबरच्या बोलरने एकदा पन्नास मारले म्हणून तो सचिन होत नाही. हवामानशास्त्रात हे करिअर साधारण तीस वर्षांचं धरतात. म्हणजे 'यंदा थंडी केवढी होती, कुठंय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?' हा प्रश्न आणि 'यंदा पूर आला, बघा क्लायमेट चेंज' हा निष्कर्ष, दोन्हींत एकाच इनिंगवरून अख्खं करिअर काढलेलं असतं.

मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं गेल्याची बातमी देशभर फिरली होती. माझ्या फोनवर ती एका दिवसात सात-आठ ग्रुपांवरून आली. पुढे हवामान खात्याने सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सरच बिघडला होता. आता पहिल्या पार्टीने म्हटलं, "बघा, सगळं खोटं असतं," आणि दुसरी पार्टी गप्प बसली. खरं तर त्या आकड्याने कुठलीच बाजू सिद्ध होत नव्हती, खरा असता तरी. नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिलेत. विदर्भाला ऊन नवीन नाही. प्रश्न तसे दिवस किती वेळा येतात हा आहे, आणि त्याचं उत्तर एका थर्मामीटरमध्ये नसतं.

दुसरी गोष्ट, गोधडी. पृथ्वी उन्हाने तापते आणि रात्रंदिवस ती उष्णता अवकाशात परत टाकत असते. कोरड्या हवेतला ९९ टक्के भाग म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन. ते या उष्णतेला अडवत नाहीत. अडवतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे थोडके वायू. ही गोधडी मुळात आपल्या भल्याचीच आहे. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. गोधडी आहे म्हणून ते १५ अंशांच्या आसपास आहे. अडचण एवढीच की मे महिन्यात कुणीतरी तिच्यावर थरावर थर शिवत बसलंय.

बरं, हे काही परवा कुणी शोधून काढलेलं नाही. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड भरून उन्हात ठेवला, तर ती नळी साध्या हवेच्या नळीपेक्षा जास्त तापली. १८५९ मध्ये जॉन टिंडाल यांनी हे वायू उष्णता कशी शोषतात ते प्रयोगशाळेत मोजलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी कागद-पेन घेऊन गणित मांडलं की हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज तीन अंशांच्या आसपास आहे. म्हणजे लोकमान्यांच्या काळातल्या माणसाने, कम्प्युटर तर सोडाच, साधा कॅल्क्युलेटरही नसताना दिशा बरोबर सांगितली होती. १९५८ पासून हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे हा वायू रोज मोजला जातोय. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे २८० रेणू होते, १९५८ मध्ये ३१५ झाले, आणि २०२४ मध्ये ४२० च्या वर गेले.

इथे हुशार मित्र विचारतात, "४२० म्हणजे ०.०४ टक्के. एवढ्याशाने काय होतंय?" त्यांना मी म्हणतो, घरी विचार. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण पुरतं. जी ९९ टक्के हवा उष्णता अडवतच नाही, तिला या हिशेबात धरून उपयोग काय?

तिसरी गोष्ट, हे आपणच केलं कशावरून? हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण हे सरळसरळ डीबगिंग आहे. प्रॉडक्शनमध्ये बग आला की प्रत्येक टीम म्हणते, "आमच्या कोडमुळे नाही." मग भांडत न बसता लॉग उघडायचे. इथेही तीन लॉग आहेत. पहिला सूर्याचा. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजतायत, आणि तापमान वर चढत असताना सूर्याची ऊर्जा काही वाढलेली नाही. दुसरा लॉग वरच्या हवेचा. सूर्यामुळे तापलं असतं तर वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअर, तोही तापला असता. तो थंड होतोय. गोधडी जाड झाली की खाली ऊब वाढते आणि वर गारवा, तसं. सुकुरो मनाबे यांनी १९६७ मध्ये कम्प्युटर मॉडेलवर हे आधीच दाखवलं होतं (१९६७ च्या कम्प्युटरवर, राव! आपल्या मनगटावरच्या घड्याळात आज त्याहून जास्त मेमरी असेल). त्यांना २०२१ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं. तिसरा लॉग म्हणजे कार्बनचं जन्मप्रमाणपत्र. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेले असल्याने त्यांच्यात कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार उरलेलाच नसतो. हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण जसं पातळ होत गेलं, त्यावरून नवा कार्बन कुठून आला हे कळतं. तिन्ही लॉग एकाच टीमकडे बोट दाखवतात. म्हणूनच आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने २०२१ च्या अहवालात कुठलाही आडपडदा न ठेवता लिहिलं की माणसामुळे पृथ्वी तापली यात शंका नाही.

आता चौथी गोष्ट, आणि अल्लीपूरच्या दृष्टीने हीच खरी. तापलं तर तापलं, पावसाचं काय? हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणजे पावसाची टाकी मोठी झाली. मोठी टाकी भरायला वेळ लागतो, आणि ओतते तेव्हा भदाभदा ओतते. मोठ्या बाबांना हे फिजिक्स माहीत नाही. ते म्हणतात, "पाणी तं तेवढंच पडते बापू. पण पडते तवा एकदमच पडते, अन् नाई तं नाईच."

शेतकऱ्याची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. पण पुरावाही तेच सांगतो. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास बघा. मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या रोजच्या नोंदी त्यांनी तपासल्या. हंगामातल्या एकूण पावसात ठळक बदल नव्हता. मात्र मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या होत्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या होत्या. मोठ्या बाबांचं वाक्यच जणू आलेखात! पुढे २०१७ मध्ये पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवालही आहे. दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना मध्य भारतात याच काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्याचं तो सांगतो. त्याच अहवालात १९०१ ते २०१८ दरम्यान देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचं म्हटलंय.

"फक्त ०.७? रिमोटवर आम्ही एसी दोन अंश वर-खाली करतो!" असं म्हणणाऱ्या माझ्या आयटीवाल्या मित्रांना एक गणित. बेल कर्व्ह घ्या आणि अर्ध्या सिग्मानेच उजवीकडे सरकवा. दोन सिग्माच्या पलीकडचे, म्हणजे अगदी टोकाचे दिवस २.३ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर जातात. सरासरी जेमतेम हलली आणि टोक तिप्पट झालं. आपल्याला हे खरं तर शिकवायची गरज नाही. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम उत्तम आहे असा रिपोर्ट क्लायंटला पाठवून बघा. क्लायंट विचारतो, पी-९९ किती? शंभरातल्या त्या एका युजरचं पेज उघडतच नसेल तर तुमची सरासरी घेऊन तो काय करणार?

आणि नेमकं हेच पावसाच्या बाबतीत आपण विसरतो. पावसाळा संपला की बातमी येते, 'जिल्ह्यात सरासरीएवढा पाऊस'. शहरात चहा पिता पिता वाचणाऱ्याला वाटतं, चला, यंदा बरं झालं. पण समजा जुलैत तीन आठवडे पावसाचा थेंब नाही, आणि मग चार दिवसांत महिन्याचा कोटा पुरा झाला. आधी कोवळं पीक माना टाकतं, मग काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं सडतात. बेरीज सरासरीएवढी, आणि पऱ्हाटी गेलेली. आपल्याकडे २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी धरतात. पंचनामे आणि मदतीची गाडी त्या आकड्यावर हलते. पाऊस मोजला जातो महसूल मंडळातल्या केंद्रावर, आणि ढग फुटतो चार कोसांवरच्या शिवारात. मोजमाप कुठे केलं आणि सरासरी कशाची काढली यावर एखाद्या घराचं वर्ष ठरतं. म्हणून मी म्हणतो की हे बेसिक कळणं ही हौस राहिलेली नाही.

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो, कारण पहिलीपेक्षा मला हल्ली हिचीच जास्त भीती वाटते. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचं प्रचंड नुकसान केलं. पारावर बसलात तर आजही ऐकू येतं, "वातावरणच असं झालं ना बावा." पण त्या अळीचे लॉग काढले तर वेगळीच कहाणी दिसते. बीटी कपाशीला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये तिची दुसरी पिढी आली. अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या होत्या. त्याचं बियाणं पाकिटासोबत वेगळं दिलं जायचं. फार थोड्यांनी ते पेरलं. ते का पेरायचं हे समजावून सांगायची मेहनत ना विकणाऱ्यांनी पुरेशी घेतली, ना सांगायची जबाबदारी असलेल्यांनी. वर जास्त दिवसांची वाणं, आणि डिसेंबरनंतरही पाणी देऊन उभी ठेवलेली फरदड. अळीला बारमाही खानावळ मिळाली आणि ती बीटी पचवायला शिकली. यात मुख्य भानगड आपल्या कारभाराची होती. आणि कारभाराची होती म्हणूनच 'फरदड घेऊ नका' सारख्या साध्या उपायांना अर्थ आहे. आभाळाने केलं असतं तर शेतकऱ्याच्या हातात काय उरलं असतं?

तेच नाल्यांचं. पाऊस जास्त जोराने पडतोय हे आभाळाकडचं. पण नाल्यात बांधकाम, पुलाखालचे पाइप पन्नास वर्षांपूर्वीच्या पावसाच्या हिशेबाचे, आणि गाळ काढल्याचं बिल फक्त कागदावर, हे कुणाकडचं? आपल्याकडे म्हण आहे, आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार? म्हण छान आहे, पण ज्याला ठिगळ लावायचा पगार मिळतो त्याच्या तोंडी ती शोभत नाही. 'क्लायमेट चेंज' हा शब्द आता साहेब लोकांनाही आवडायला लागलाय तो यामुळेच. पूर्वी दैवावर ढकलायचे, आता सायन्सवर ढकलतात. आणि समोरच्याला बेसिक माहीत नसेल तर तो मान डोलावून घरी जातो.

मग दोष कुणाचा, हा हिशेबही थोडा समजून घ्यायला हवा. कार्बन डायऑक्साइडचा एक भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. म्हणजे आज किती सोडला यापेक्षा आजवर एकूण किती साठला हे महत्त्वाचं. आमच्या वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहायचे. त्यांनी १९४० च्या दशकात 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' मध्ये साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था टिकत नाही असा इशारा दिला होता. त्यांची काळजी कोळसा-तेल संपण्याची होती. आता कळतंय की साठा संपायच्या आधी त्याचा धूरच अंगाशी येतोय. कोळसा-तेलाच्या आजवरच्या एकूण धुरात अमेरिकेचा वाटा सुमारे पाव आहे आणि भारताचा ४ टक्क्यांहून कमी. आजही सरासरी भारतीय वर्षाला साधारण २ टन सोडतो, सरासरी अमेरिकन त्याच्या सात पट. पण देश म्हणून दर वर्षीच्या हिशेबात आपण चीन आणि अमेरिकेनंतर तिसरे आहोत, हेही तितकंच खरं.

आणि 'सरासरी भारतीय' ही पुन्हा सरासरीच आहे. तिच्यात मोठे बाबाही आले आणि मीही आलो. महाराष्ट्राच्या औष्णिक विजेचा मोठा भाग कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर असा विदर्भातच तयार होतो. कोळसा तिकडे जळतो, राख तिकडे पडते, आणि एसी हिंजवडीत चालतो. तेव्हा 'गावाकडच्या लोकांनी झाडं लावायला पाहिजेत' हे भाषण आपण शहरातल्यांनी जरा आवरतं घ्यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. गावाला आपल्याकडून भाषणापेक्षा आकडे हवेत: शिवाराच्या जवळ मोजलेला पाऊस, वेळेवर कळणारा अंदाज, आणि सरासरीऐवजी टोकं बघणारा विमा आणि मदतीचे नियम. डेटा, डॅशबोर्ड, अलर्ट हे तर आपलं रोजचंच काम. ते दुसऱ्या टोकाच्या देशांतल्या क्लायंटसाठी आपण रात्र रात्र जागून करतो.

असो. लांबलं बरंच. पण पुढच्या वेळी कुणी क्लायमेट चेंजवर ठणकावून बोललं, कुठल्याही पार्टीचं असो, तर तीन प्रश्न विचारून बघा. किती वर्षांच्या नोंदींवरून म्हणताय? सरासरी सांगताय की टोक? आणि यात आभाळाचा वाटा किती आणि माणसाच्या कारभाराचा किती? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण चिडतात. चिडले तरी विचारा. यंदाच्या पावसात बियाण्याची थैली ज्याला फोडायची आहे, त्याच्यासाठी तो तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.